पदरची दोन अवतरणं

अनुस्वाराने तीच ओळ चौथ्यांदा टाइप केली, एकेक बटण जपून दाबून, आणि चौथ्यांदाही यंत्राने तिच्याखाली लाल ओळ मारली. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि पुन्हा नाकावर चढवला. लाल ओळ होती तिथेच होती.

"गावाचं नाव अवतरणात घातलंस ना?" शेजारच्या टेबलावरून वेलांटीने विचारलं.

"घातलंय की. चांगलं दोन्ही बाजूंनी घातलंय."

तिने खुर्ची सरकवली, मान लांब करून त्याच्या पडद्यात डोकावली आणि हसायला लागली.

"अरे, तू वाकडी अवतरणं घातलीस. याला उभी लागतात."

खरंच होतं. सुरू होणारं अवतरण एकीकडे झुकलेलं, संपणारं दुसरीकडे, अगदी छापील पानाला शोभेल असं. त्यासाठी कोणती बटणं एकदम दाबायची हे त्याच्या बोटांना इतकं पाठ होतं की डोक्याला विचारायची वेळच येत नसे. आणि या नव्या कामाला हवी होती ती साधी उभी अवतरणं. बातमीदार घाईघाईत तसलीच टाकायचे, आणि ती उभी अवतरणं खोडण्यात अनुस्वाराचं उभं आयुष्य गेलं होतं.

"ज्याच्यासाठी लोकांना बोलणी खाऊ घातली, तेच आता बरोबर," तो म्हणाला.

"आणि आपण चूक. दुरुस्त कर आणि चल, चहाचं पाणी झालंय."

दोघांची खरी नावं हजेरीपटापुरती उरली होती. ही टोपणनावं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यांच्या काळातली. तो ठेंगणा, गोल, आणि काम सुरू झालं की सगळ्यांच्या डोक्यावर बसणारा, म्हणून अनुस्वार. ती उंच, वाचता वाचता मान पुढे वळलेली, म्हणून वेलांटी. जुळवणारे गेले, खिळे भंगारात गेले, नावं मात्र चिकटली ती चिकटलीच. खात्यात नवीन आलेल्यांना वाटायचं की या दोघांची आडनावंच तशी आहेत.

नवीन येणारेही आता थांबले होते. वर्तमानपत्राचं प्रूफखातं बंद होणार होतं. शुद्धलेखन यंत्रच तपासायला लागलं, चुकांबद्दल वाचकांची पत्रं आधी वाढली, मग वाचकांनीही नाद सोडला. एकेकाळी ज्या खोलीत टेबलं पुरत नव्हती तिथे दोघंच उरले, एका खिडकीखाली, पंख्याच्या आवाजात. वरच्यांनी त्यातल्या त्यात एक दया दाखवली. वर्तमानपत्रातल्या जुन्या छोट्या जाहिराती, जन्माच्या, मृत्यूच्या, हरवल्या-सापडल्याच्या, सगळ्या डेटाबेसात घातल्या होत्या. त्यांची देखभाल करायला एक माणूस हवा होता. दोघांनी शिकावं, शुक्रवारी परीक्षा द्यावी, एकाला ठेवू. एकालाच.

अनुस्वाराच्या तोंडचं पाणी पळालं ते पगाराच्या विचाराने नव्हे. त्याच्या बायकोची मूत्रपिंडं निकामी झाली होती. सोमवारी आणि गुरुवारी तिला डायलिसिसवर न्यावं लागे आणि तो खर्च नोकरीबरोबर मिळणाऱ्या विम्यातून भागे. नोकरी गेली की विमा गेला, आणि विमा गेला की पुढचं तो मनातल्या मनातही बोलत नसे. त्या वाक्याशी आला की उठून पाणी प्यायला जाई.

हे वेलांटीला सांगावं लागत नव्हतं. गुरुवारी तिची सुटी असे. त्या दिवशी अनुस्वार कामावर आणि ती त्याच्या बायकोच्या उशाशी, असं कधीपासून चाललं होतं ते आता दोघांनाही आठवत नव्हतं. ती तिथे बसून दवाखान्याच्या भिंतीवरच्या पाट्यांमधल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढायची आणि रक्त यंत्रातून फिरत असताना बायको हसत पडून राहायची.

शिकवायला संगणक विभागातले एक गृहस्थ येत. त्यांना दोघं मास्तर म्हणत. घसा कायमचा बसलेला, डोळ्यांखाली काळं, या वयाच्या विद्यार्थ्यांना कसं रागवावं हे त्यांना कळत नसे.

"हे बघा," मास्तर म्हणायचे, "यंत्राला विचारायचं म्हणजे क्वेरी लिहायची. बाकी सोपं आहे. शब्द असला तर अवतरणात. आकडा असला तर उघडा. खरं आणि खोटं, तेही उघडं. आणि काही माहीतच नसेल तर नल."

"नळ? पाण्याचा?" वेलांटीने विचारलं.

"नल हो. म्हणजे शून्य नव्हे. रिकामी जागाही नव्हे. माहीतच नाही, असं."

"मग ते अवतरणात की उघडं?"

"उघडं. अवतरणात घातलं तर तो नुसता शब्द होतो. उद्या कोणाचं आडनाव नल असलं तर पंचाईत नको."

अनुस्वार मान डोलवत होता, पण त्याच्या डोक्यात काही राहत नव्हतं. वाक्य संपेपर्यंत त्याचं लक्ष घड्याळाकडे, दवाखान्याकडे जाई. वेलांटीचं तसं नव्हतं. तिला ते सगळं ओळखीचंच वाटत होतं. यंत्रसुद्धा खिळे जुळवणाऱ्यांच्याच जातीचं, ती म्हणाली, अर्थाशी देणंघेणं नाही, चिन्हासाठी मात्र जीव देणार.

"तारीख अवतरणात," मास्तर पुढे म्हणाले. "आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मधे आडव्या रेघा."

"आणि तारखेची अवतरणं राहिली तर?" वेलांटी म्हणाली. "लाल ओळ येईल?"

मास्तर थबकले. त्यांनी स्वतःच करून पाहिलं. २००४-०६-०१ असं उघडं लिहिलं आणि बटण दाबलं. लाल ओळ आली नाही. यंत्राने शांतपणे उत्तर दिलं, १९९७.

"हे कुठून आलं?" अनुस्वाराने विचारलं.

वेलांटी आधी हसली, मग तिने टाळी दिल्यासारखा हात टेबलावर आपटला. "अरे, त्या रेघा नाहीत, वजाबाकी आहे. दोन हजार चारातून सहा गेले, एक गेला. अवतरणं काढली की तारीख राहतच नाही, नुसती वजाबाकी होते."

"आणि यंत्र तक्रारही करत नाही," मास्तर स्वतःशीच म्हणाले. "बरं झालं विचारलंत. हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं."

चहाच्या वेळी तिने अनुस्वाराला तेच पुन्हा समजावलं, कपाच्या पाठीवर बोटाने अवतरणं काढून दाखवत. लाल ओळ येते ती चूक सोपी, ती म्हणाली, भीती त्या चुकीची जी गुपचूप पुढे जाते. हे मात्र त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. प्रूफं वाचणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

परीक्षा त्यांच्याच खोलीत झाली. मास्तरांनी दोघांना जाहिरातींची एकेक नक्कल दिली, बिघडली तरी खऱ्या जाहिरातींना धक्का लागू नये म्हणून, आणि पाच प्रश्नांचा छापील कागद. अमुक गावच्या जाहिराती दाखवा. ज्यांत वय साठच्या वर आहे किंवा लिहिलेलंच नाही अशा दाखवा. शेवटचा प्रश्न असा होता की एक जून दोन हजार चार आणि त्यानंतरच्या जाहिराती आता दुसरीकडे ठेवल्या आहेत, तर त्या इथून पुसून टाका.

अनुस्वाराने पाचही ओळी कशाबशा लिहिल्या. दुपारी मास्तर औषधाची गोळी घ्यायला उठले आणि दारात थांबून म्हणाले, "मी येतो जरा. एकमेकांचं वाचून बघितलंत तरी माझी हरकत नाही. तुमची तशी पद्धतच आहे ना? बटण मात्र मी आल्यावरच दाबा."

पद्धत होती. प्रूफं कधी एकट्याने वाचायची नाहीत. एकाने मोठ्याने वाचायचं, शब्द, स्वल्पविराम, अवतरणं, सगळं उच्चारून. दुसऱ्याने मूळ प्रतीवर नजर ठेवायची आणि जुळलं की 'हूं' म्हणायचं. खात्याचे जुने प्रमुख नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत. दिसतं तेवढंच वाचा. पदरचं एक टिंबसुद्धा घालू नका. वाचणाऱ्याने पदरचं घातलं की ऐकणारा आंधळा होतो. अनुस्वाराने हे पुढे कितीतरी जणांना ऐकवलं होतं, डोक्यावर बसून ऐकवलं होतं.

आधी त्याची उत्तरं झाली. वेलांटीने वाचलं, त्याने प्रश्नांचा कागद धरला. तिसऱ्या ओळीत ती थांबली.

"वयाचा आकडा तू अवतरणात घातलास. उघडा कर. आणि नलसुद्धा अवतरणात आहे, तोही उघडा कर."

त्याने दोन्ही उघडे केले. त्याचे कान तापले.

"आता बाकी सगळं बरोबर आहे," ती म्हणाली आणि खुर्ची बदलायला उठली. "चल, माझं वाच."

ती त्याच्या जागी बसली, पडद्याकडे पाठ करून, कागद मांडीवर घेऊन. तो तिच्या पडद्यासमोर बसला आणि वाचू लागला. ती हूं म्हणत गेली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, चौथी. सगळं चोख होतं, तिच्या प्रूफांसारखं. पाचव्या ओळीत तारखेपाशी त्याचं बोट थांबलं.

तारखेच्या आधी काही नव्हतं. नंतरही काही नव्हतं. मधे दोन रेघा आणि तीन आकडे, उघडे.

खिडकीखालून कुठलीतरी गाडी गेली. त्याच्या डोळ्यांपुढे बायकोचा हात आला, सुया टोचून टोचून मनगटापासून कोपरापर्यंत गाठी आलेला.

"थांबलास का?" वेलांटीने मागे न वळता विचारलं.

"घसा," तो म्हणाला. "मास्तरांचा लागला बहुतेक."

तिच्या घरी कोण होतं? ती आणि तिचे म्हातारे वडील, दोनच माणसं. शाळेच्या पुस्तकांची प्रूफं घरी आणीन म्हणाली होती मागे कधीतरी. तिचं कसंही निभावेल. हे सगळं त्याच्या मनात इतक्या झपाट्याने आलं की ते आधीपासूनच तयार असावं, असं त्याला पुढे कितीतरी वेळा वाटलं. नुसता कानाडोळा करून पुढे जाता आलं असतं तर त्याने तेवढंच केलं असतं. पण मोठ्याने वाचायचं होतं. उघडी तारीख उघडी वाचली असती तर तिने लगेच पकडली असती.

"एकेरी अवतरण सुरू," तो म्हणाला. "दोन हजार चार, आडवी रेघ, शून्य सहा, आडवी रेघ, शून्य एक. एकेरी पूर्ण."

त्याने वळून पाहिलं नाही, पाहण्याची हिंमतच नव्हती. कागदाची घडी घातल्याचा आवाज आला.

"हूं," वेलांटी म्हणाली.

मास्तर गोळी चघळत परत आले. दोघांनी बटणं दाबली. दोघांपैकी कोणाच्याही पडद्यावर लाल ओळ आली नाही.

सोमवारी मास्तर आले तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला होता. त्यांनी वेलांटीकडे बघून बोलायला सुरुवात केली आणि मग खिडकीकडे बघून बोलणं पुरं केलं.

"तुमच्या नकलेत एकही जाहिरात शिल्लक नाही हो. पुसायच्या होत्या दोन हजार चारच्या जूनपासूनच्या, सगळ्याच गेल्या. तारखेला अवतरणं नव्हती. यंत्राला तारीख दिसलीच नाही, नुसता एकोणीसशे सत्त्याण्णव हा आकडा दिसला, आणि जुन्या-नव्या सगळ्या तारखा त्याने त्याच्याहून मोठ्या धरल्या."

"असं होय," वेलांटी म्हणाली.

"नक्कल होती म्हणून बरं. पण मला आश्चर्य वाटतं. हे तर तुम्हीच मला दाखवलं होतं."

"विसरले. वय झालं, मास्तर."

मास्तरांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "आणि तुम्ही वाचून बघितलं होतंत ना? मी नव्हतो तेव्हा?"

बोलायचं असेल तर हीच वेळ, हे अनुस्वाराला स्पष्ट कळत होतं. तो मूग गिळून उभा राहिला.

"वाचलं होतं," वेलांटीच म्हणाली. "माझंच लक्ष नव्हतं. हे वाचत होते आणि मी आपली नुसती हूं हूं करत होते."

मास्तरांनी मान हलवली. मग त्यांनी अनुस्वाराचा हात हातात घेतला आणि अभिनंदन म्हणाले. अनुस्वाराचा जीव भांड्यात पडला, आणि त्याच वेळी त्याला स्वतःची अशी किळस आली की मास्तरांच्या हातातून हात कधी सोडवून घेतो असं झालं. बिचारीला कळलंच नाही, तो मनाशी म्हणाला. आपण काय केलं ते तिला कळलंच नाही. हे बरं की वाईट, हे काही त्याला ठरवता येईना.

संध्याकाळी तो दवाखान्यात पोचला तेव्हा बायकोच्या हातावर नुकतीच पट्टी बांधली होती. त्याने जागा मिळाल्याचं सांगितलं. तिने डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी कानापर्यंत गेलं. रडण्याइतकी ताकदसुद्धा आजकाल तिला राहत नसे.

"आणि ताईंचं?" तिने थोड्या वेळाने विचारलं.

"बघतील काहीतरी."

"काय बघतील?"

"माहीत नाही," तो म्हणाला आणि उठून पाणी प्यायला गेला.

वेलांटीचा शेवटचा दिवस महिनाअखेरीला आला. समारंभ काही नव्हता. वरून एकजण येऊन हात जोडून गेला. तिने खण रिकामा केला. लाल शाईचं पेन, भिंग, तुटक्या दांडीचा जुना चष्मा. भिंग तिने अनुस्वाराच्या टेबलावर ठेवलं.

"मला कशाला? पडद्यावर अक्षर मोठं करता येतं," तो म्हणाला.

"राहू दे. सवय लागलीय डोळ्यांना."

तो उगाचच तिच्या पिशवीचे बंद धरून उभा राहिला. तिने वस्तू आत घातल्या. पंखा फिरत होता. या खोलीत ते दोघं इतकी वर्षं मोठमोठ्याने वाचत आले होते की गप्प कसं बसावं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"अनुस्वार," ती पिशवीकडे बघतच म्हणाली, "त्या दिवशी दोन अवतरणं तू पदरची घातलीस."

त्याच्या हातातले बंद सुटले.

"मी..."

"माझी राहिली नव्हती. मी सोडली होती." तिच्या आवाजात राग नव्हता. पान संपताना यायचा तसा थकवा होता. "वहिनींना बघते ना मी दर गुरुवारी. म्हटलं, तू वाचताना थांबशील. म्हणशील, अगं, अवतरणं राहिलीत. मग मी म्हणणार होते, राहू देत."

तिने पिशवीचे बंद स्वतःच बांधले, एक गाठ, मग दुसरी.

"तेवढं म्हणायचं होतं मला. म्हणूनच वाचायला दिलं."

अनुस्वाराला बोलायचं होतं. माफ कर म्हणायचं होतं, भीती वाटली म्हणायचं होतं, बायकोचं नाव घ्यायचं होतं. पण त्यातलं काहीही आता पदरचंच वाटलं असतं.

वेलांटीने पिशवी खांद्याला लावली. दाराशी गेल्यावर तिला काहीतरी आठवलं आणि ती वळली.

"वहिनींना सांग, गुरुवारी येते. आता मोकळीच आहे, सोमवारीही येत जाईन."

त्याने मान वर केली. ती उत्तराची वाट बघत उभी होती, मान थोडी पुढे, नेहमीसारखी.

"हूं," अनुस्वार म्हणाला.